एवढी बाही होऊ दे

गादीवाले काका गेल्यावर काही आठवड्यांनी त्यांच्या बायकोने, शिवणकाकूंनी, वाफेचं मशीन कापडी पिशवीत घातलं आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात नेऊन दिलं. कुणा गरजूला द्या, एवढंच त्या म्हणाल्या. दुकानदार त्या घराला चांगला ओळखत होता. काकांचे पंप, वाफेच्या औषधाच्या बोटभर प्लास्टिकच्या कुप्या, सगळं वर्षानुवर्षं त्याच्याकडूनच जात होतं. मशीन काउंटरखाली सरकवत तो म्हणाला, काकू, तुमच्याइतकं कुणी करत नाही हो. काकूंनी मान खाली घातली. बघणाऱ्याला वाटलं, बाईंना भरून आलं.

भरून आलं नव्हतं. हल्ली कुणी असं बोललं की त्यांना अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

काका गाद्या करायचे. उमेदीची सगळी वर्षं बंद खोलीत कापूस पिंजण्यात गेली, आणि गाद्यांत भरता भरता तो कापूस थोडाथोडा त्यांच्या छातीतही भरत गेला. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं, फोटो काढला आणि सांगितलं की फुप्फुसं सैल पडलेल्या फुग्यासारखी झालीत. हवा आत जाते, पण बाहेर पडायचं नाव घेत नाही. हे बरं होणारं दुखणं नाही, सांभाळून जगायचं. मग सकाळ-संध्याकाळ पंप ओढायचा, गुळण्या करायच्या, आणि दम फारच लागला की मशीन लावून वाफ घ्यायची, असा क्रम सुरू झाला. आडवं झालं की जीव घाबरायचा, म्हणून काका झोपायचेही खुर्चीत. जन्मभर लोकांना गाद्या दिल्या आणि आपल्या वाट्याला खुर्ची आली, असं म्हणून स्वतःच हसायचे. मग ते हसणं खोकल्यात बुडायचं.

माणूस अतिशय भिडस्त. पाणी हवं असलं तरी घरातलं कुणी आपणहून उठेपर्यंत थांबायचा.

घर दोन खोल्यांचं. बाहेर काकूंचं शिवणकाम, आत काकांची खुर्ची. आतल्या खोलीचा प्लग जळालेला. वायरमनला बोलावू, बोलावू म्हणता म्हणता ते राहूनच गेलं होतं. म्हणून वाफेच्या मशीनची वायर लांब करून घेतली होती. ती उंबरा ओलांडून बाहेर यायची आणि तिची पिन काकूंच्या पायाशी पडलेली असायची. काका आतून हळूच विचारायचे, "झालं का गं?" बाहेरही प्लग एकच, मग काकू शिलाई मशीनची पिन काढायच्या आणि वाफेची लावायच्या. एवढंच काम.

त्या दुपारी शाळेच्या गणवेशांची ऑर्डर संध्याकाळपर्यंत द्यायची होती. आतून विचारणा झाली.

"एवढी बाही होऊ दे," काकू म्हणाल्या.

"होऊ दे, होऊ दे. घाई नाही."

बाही झाली. दुसरी टाचून तयारच होती, म्हटलं तीही जोडून टाकू. काकू विसरल्या असत्या तर गोष्ट वेगळी. त्या विसरल्या नव्हत्या. सुईखालून कापड सरकत होतं आणि मनात कुठेतरी धुसफुस चालली होती, की दिवसातून किती वेळा उठायचं माणसानं? ती बाही झाली, मग कॉलर घेतली. मशीन थांबलं तेव्हा घर फार शांत वाटलं.

काका खुर्चीत ताठ बसलेले होते. तोंडाला मास्क, त्याखालच्या कपात औषध भरलेलं, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर दाराकडे. रांगेत बसलेल्या माणसासारखे. फक्त नंबर यायचा राहिला होता.

त्यानंतर काकूंनी जे केलं ते का केलं, हे त्यांना कधीच सांगता आलं नसतं. त्या बाहेरच्या खोलीत आल्या, स्वतःची पिन काढली, पायाशी पडलेली लावली. आत मशीन घरघरू लागलं, काकांच्या चेहऱ्याभोवती वाफ जमली. आणि मग त्यांनी शेजाऱ्यांना हाक मारली. आले त्या सगळ्यांनी मशीन चालू असलेलं पाहिलं. वाफ घेता घेताच गेले, बाईंनी शेवटपर्यंत केलं, असं एकाने दुसऱ्याला सांगितलं. परगावाहून लेक आली, गळ्यात पडून रडली. आई, तू होतीस म्हणून बाबा इतकी वर्षं काढू शकले, असं तिने म्हटल्यावर खरं सांगायची वेळ निघून गेली ती गेलीच.

तर असं ते मशीन काकू देऊन आल्या. पंधरवडाही झाला नसेल, दुकानदाराचा निरोप आला. दुकानात बसस्टँडच्या तिकीट खिडकीवरची बाई पिशवी घेऊन उभी होती. तिने ते वडिलांसाठी नेलं होतं. मशीनमध्ये काही बिघाड नाही, ती ओशाळून सांगू लागली, पण वडील वापरतच नाहीत. डोकं अगदी शाबूत आहे त्यांचं, अजून मला हिशेबात पकडतात. पण मशीन लावलं की मास्क काढून मांडीवर धरतात आणि गप्प बसून राहतात. घ्या म्हटलं तर म्हणतात...

"काय म्हणतात?" काकूंनी विचारलं.

"म्हणतात, माझ्या आधीचे एक जण बसलेत. बराच वेळ बसलेत बिचारे. त्यांचं झालं की घेतो."

दुकानदार हसला. तिकीटवाल्या बाईला हसू आलं नाही. काकूंनी पिशवी उचलली. ती आणताना होती तेवढीच जड होती, तरी घरी येईपर्यंत त्यांना तीनदा हात बदलावा लागला.

मशीन त्यांनी आतल्या खोलीत फळीवर ठेवलं, वर चादर टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या शिवायला बसल्या आणि टाक्यांच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज त्यांना ऐकू आला. श्वास होता तो. आखूड आत आणि लांब, फार लांब बाहेर. त्यांनी पाय उचलला. मशीन थांबलं. श्वासही थांबला. त्या कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या, आतून काहीच आलं नाही. पुन्हा पाय ठेवला, की सुरू. मग त्यांच्या लक्षात आलं. आपण थांबलो की तो श्वास दाबून धरला जातोय. आपल्याला घाई केल्यासारखं वाटू नये म्हणून.

शिव्याशाप दिले असते, भांडी आपटली असती, तर काकूंनी सोसलं असतं. हे थांबणं सोसवेना. त्या ऑर्डरी परत करू लागल्या. सकाळीच दाराला कुलूप घालून बाजारात, बागेत, कुठेही बसून राहू लागल्या. अशात त्यांनाच दम लागायला लागला. आधी जिन्यावर, मग चालताना, मग नुसतं बसल्याबसल्या. लेकीने रजा काढली आणि त्यांना डॉक्टरांकडे नेलं. काकांचेच डॉक्टर ते. त्यांनी काकूंनाही नळीत फुंकायला लावलं आणि कागद बघत म्हणाले, काकांचे कपडे वर्षानुवर्षं तुम्हीच झटकलेत ना? तोच कापूस. पंप दिला, आणि काही दिवस वाफ घ्या म्हणाले. मशीन तर घरात आहेच.

लेकीने उत्साहाने सगळी तयारी केली. वायरमनला बोलावून आतला प्लग दुरुस्त करून घेतला. त्याला जेमतेम चहा होईल इतका वेळ लागला. काकू त्या पांढऱ्याशुभ्र नव्या प्लगकडे बघत राहिल्या. एवढंसं काम होतं. लेकीने त्यांना काकांच्या खुर्चीत बसवलं, पाठीशी उशी दिली, कपात औषध ओतलं, मास्क चढवला, बटण दाबलं आणि ती बाहेरच्या खोलीत गेली.

ऊन दारातून आत आलेलं होतं. वाफेला तोच वास होता, प्लास्टिकचा आणि थोडा कडवट. काकूंनी श्वास ओढला. वाफ आत आली नाही. मास्कमध्ये ती दिसत होती, पण ओढायला गेलं की दुसऱ्याच बाजूला निघून जायची. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा त्यांच्या कानाशी, अगदी जवळ, कुणीतरी लांब श्वास सोडला.

काकूंनी मास्क काढला. त्यांनी तो शेजारी, रिकाम्या जागेत पुढे धरला.

"अहो... तुम्ही घ्या आधी."

वाफ थोडा वेळ नुसतीच पसरत राहिली. मग ती वळली. उन्हाच्या पट्ट्यात स्पष्ट दिसलं, की ती एका जागी गोळा होतेय आणि नाहीशी होतेय. थोडं थांबून पुन्हा बाहेर येत होती, विरळ होऊन. आखूड आत, लांब बाहेर. कसली घाई नव्हती. काकूंच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"बाही..." कुणीतरी अदबीने विचारलं, "झाली?"

त्यात राग होता की नुसती चौकशी, हे काकूंना तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही.

"झाली हो," त्या कुजबुजल्या. "केव्हाचीच झाली होती..."

मशीन फुरफुरू लागलं. औषध संपलं होतं. लेक धावत आली आणि रागावली, मास्क काढून काय बसलीस, सगळं औषध वाया गेलं. काकूंनी तिचा हात धरला, तिला समोर बसवलं. बाबा गेले त्या दुपारी, असं त्यांनी सुरूही केलं. पण लेकीने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. पुरे झालं आता, म्हणाली, तू जे केलंस ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं.

त्या दिवसापासून काकू दोन कुप्या फोडू लागल्या. पहिलीची वाफ हवेत धरायच्या, दुसरीची स्वतः घ्यायच्या. दुसरी मग व्यवस्थित छातीत उतरायची. लेकीला वाटलं आईचा दम जास्त आहे. आणि एका दुपारी पहिल्या कुपीची वाफ कुणीच घेतली नाही. ती खोलीभर पसरली, उन्हात तरंगली, विरून गेली. काकूंनी मशीन बंद करून कान दिला. बाहेर येऊन मुद्दाम एक लांब शिवण घातली. कुठेच काही नाही. त्या रात्री त्या कधी नव्हे इतक्या गाढ झोपल्या.

पुढच्या आठवड्यात तपासणी होती. काकूंच्या चेहऱ्यावर तेज आलेलं पाहून डॉक्टर खूश झाले. पाठीला नळी लावून म्हणाले, श्वास घ्या, सोडा. पुन्हा घ्या. छान, बराच फरक आहे. आता जरा रोखून धरा.

काकूंनी ओठ मिटले आणि श्वास धरला.

डॉक्टर ऐकत होते. त्यांनी नळी थोडी खाली सरकवली, मग पलीकडच्या बाजूला नेली.

"काकू, रोखून धरा म्हटलं ना."

"तिने धरलाय डॉक्टर," समोर बसलेली लेक म्हणाली.

डॉक्टरांनी वाकून काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. गाल ताठ झालेले, ओठ पांढरे पडत चाललेले. त्यांनी नळी काढली नाही. उलट आणखी दाबून धरली, डोळे मिटले, आणि कानात येणाऱ्या आवाजाबरोबर मोकळ्या हाताचं एक बोट टेबलावर पटकन उचलत आणि फार सावकाश टेकवत राहिले. सोडा म्हणायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.