बतूलमावशीचा पुसलेला फोटो

या, जरा जवळ सरका. कॅमेरा मांडीवर ठेवा. मोरोक्कोतल्या फेसच्या जुन्या शहरात मी, घिता, परदेशी पाहुण्यांना फोटो काढायला फिरवते. उद्या तुम्हालाही फिरवीन. पण आधी एक गोष्ट ऐका, मग गल्लीत पाऊल टाका.

माझे नियम साधे. भिंतींवरून ऊन तिरपं उतरतं तेव्हाच निघायचं. मागून गाढववाल्याची आरोळी आली की भिंतीला चिकटायचं. गाढवाला पाहुणा कळत नाही. माणसाचा फोटो हवा तर छातीवर हात ठेवून सलाम करायचा, विचारायचं. आणि न विचारता काढलाच, तर त्याच्या डोळ्यांदेखत पुसायचा.

गेल्या वसंतात आलेल्या आन्सेल्म नावाच्या पाहुण्यानं हा शेवटचा नियम तंतोतंत पाळला.

माझी मावशी बतूल डोक्यावर कणकेच्या रोट्यांची फळी घेऊन गल्लीतल्या सामाईक भट्टीकडे निघाली होती. त्यानं कॅमेरा उचलला. खट्ट.

"ए लाल नाकाच्या! मी काय शहराचा दरवाजा आहे, येणाऱ्याजाणाऱ्यानं टिपायला? पूस ते!"

"माफ करा, आजी."

"आजी असेल तुझ्या घरी. पूस म्हणते ना!"

त्यानं तिला कॅमेऱ्याचा पडदा दाखवला आणि बटण दाबलं. चित्र गेलं. मावशी खूश होऊन भट्टीत शिरली, मागोमाग मी.

आमच्याकडे प्रत्येक घराच्या रोटीवर त्या घराचा ठसा असतो. भट्टीवाला लारबी ते सगळे ओळखतो. त्यानं मावशीची रोटी उजेडात धरली.

"घिता, ही कुणाची गं? असला ठसा आपल्या गल्लीत नाही."

"बतूलमावशीची."

"कोण बतूल?"

मावशी त्याच्यासमोर हातभर अंतरावर उभी होती. "मेल्या, तुझ्या लग्नाच्या रोट्या मी मळल्या!"

लारबीनं भट्टीत लाकूड सारलं. थट्टा करताना त्याची मिशी हलते. आज हलत नव्हती.

मग शेजारीण फक्त मलाच सलाम करू लागली. पुदिनावाला मावशीच्या पुढे केलेल्या हाताकडे न बघता दुकान आवरू लागला.

मी घाबरले. "मावशी, पुन्हा एक फोटो काढू. कदाचित..."

"मी आहे हे ठरायला मला कुणाच्या डब्यात बसायची गरज नाही," ती म्हणाली आणि नवी ओढणी बांधून माझ्याबरोबर दर्ग्यात आली.

दर्ग्यात बायकांचं गायन असतं. गाता गाता उपदेश, उपदेश करता करता रडणं. लहानपणापासून माझा जीव तिथेच रमतो. पहिली ओळ नेहमी मावशीची. त्या दिवशी तिनं ती अशी उचलली की माझे डोळे भरून आले. अल्लाशपथ, तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

तिची ओळ संपली. बायका एकमेकींकडे बघत होत्या.

"अगं, आज सुरुवात कोण करणार?" एकीनं विचारलं.

मावशीनं दुसऱ्यांदा सुरुवात केली. मग तिसऱ्यांदा. आवाज फाटेपर्यंत.

गेल्या शुक्रवारी आईनं वाफवलेल्या रव्याचा कुसकुस केला, वर भाज्या. आम्ही एकाच परातीत जेवतो; ज्यानं त्यानं आपल्यासमोरचंच खायचं. मावशी माझ्यासमोर बसली.

"आई, तुझ्या बहिणीला गाजर वाढ ना."

आई हसली. "चेष्टा पुरे. मी माझ्या बापाची एकुलती एक."

"खोटारडी," मावशी म्हणाली आणि मोठा घास घेतला.

पलीकडे, मावशीच्या बाजूनं, कुसकुसात खड्डा पडत गेला.

आईला तो दिसला.

तिनं कुसकुस सारून तो बुजवला.

तो पुन्हा पडला.

तिचं नाव बतूल. रोजच्या प्रार्थनेत ते घ्या, एवढंच मागणं. एखाद्या दिवशी मीच तुम्हाला सांगेन की मला मावशी नव्हतीच. तरी घ्या. मोठ्यानं घ्या.