नारळी पौर्णिमेचं पाणी

शंखबेटावरच्या प्रयोगशाळेत जलवाचक यंत्राने साऱ्या बेटांच्या किनाऱ्यांची क्रमवारी पडद्यावर लावली, तेव्हा डॉ. रघुवीर तांडेल यांनी चष्मा काढून पुन्हा घातला.

"पोहायला सर्वांत चांगला किनारा बोटींच्या धक्क्याजवळचा? माझंच काहीतरी चुकलं असणार."

खिडकीशी त्यांची थोरली बहीण कुमुद टॉवेल मांडीवर घेऊन बसली होती. पुढच्या आठवड्यात तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. नंतर पोहायला मिळेलच असं नव्हतं. गावचा किनारा केव्हाच समुद्राने गिळला होता. तिथल्यासारख्या पाण्यात एकदा उतरायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

"मला कळेल असं सांग गं," ती रघुवीरांची सहकारी झरीना मुकादम हिला म्हणाली.

"आजी, पाण्यात जो उतरतो त्याच्या कातडीचे, खवल्यांचे कण मागे राहतात. त्यांतली जनुकं वाचून यंत्र सांगतं, पाण्यात कोण कोण होतं. सरांनी तरुणपणी तुमच्या गावचं पाणी बाटलीत गोठवून ठेवलं होतं. तेच आम्ही आदर्श धरलं. त्याच्याशी जुळेल तो किनारा पहिला. पण त्या बाटलीतल्या पाण्यात मासे कमी, माणसंच फार! सर, बाटली भरली कधी?"

रघुवीर कानकोंडे झाले. "सुट्टी तेव्हाच मिळाली होती. नारळी पौर्णिमेला."

कुमुद खदखदून हसली. "अरे वेड्या! अख्खी वाडी नारळ सोडायला कमरेइतक्या पाण्यात, आणि हा शहाणा खडकावरून वाकून बाटली भरतोय! पायजमा भिजेल ना!"

"माणसांचे अंश वगळू या," झरीना म्हणाली. "मग निर्मनुष्य बेट पहिलं येईल."

संशोधकांची जनुकं यंत्रात नोंदलेली असत; त्यांच्याशी ताडून ते नातीही ओळखे. वगळायच्या यादीत सर्वांत वर ओळी उमटल्या : संशोधकाची आई. संशोधकाचे वडील. संशोधकाची बहीण.

रघुवीरांचं बोट हवेतच थांबलं. आईला पोहता येत नसे. लाट आली की ती बाबांचा दंड घट्ट धरी आणि लाजून हसे.

"कुणाला पुसून टाकतोयस?" कुमुद हळूच म्हणाली.

"पण ताई, तुला स्वच्छ पाणी कबूल केलं होतं."

"धक्क्यापाशी घाण आहे का गं?"

"सांडपाणी अजिबात नाही, आजी. तपासलंय. बोटीची वाट बघणारी माणसं डुंबत असतात, एवढंच."

"मग यंत्राने बरोबर शोधलंय. चल."

धक्क्यापाशी कलकल चालली होती. कुणाच्या तरी नातीने कुमुदच्या तोंडावर पाणी उडवलं. तिनेही परत उडवलं. रघुवीर काठावरच्या दगडावरून बाटली घेऊन वाकले.

"ए रघ्या!" ती पाण्यातून ओरडली. "बाटली मग. आधी उतर! मागच्या बाटलीत आम्ही सगळे होतो. तूच तेवढा नव्हतास."