चौथा नावाडी

त्याने पहिला पत्ता टेबलावर ठेवला आणि ती खुर्चीत पुढे सरकली.

नावाडी.

स्पर्धेच्या सबंध हॉलमध्ये नावाडी खेळणारी आपण एकटीच, असं ती सकाळपासून धरून चालली होती. तो पत्ता तसा कुणाच्या खिजगणतीत नव्हता. लोकांना हवे असत अग्निसर्प, गरुडस्वार, वीज पाडणाऱ्या राण्या. नावाडी बिचारा नुसता वल्हं धरून उभा. अंगात बळ नाही, हातात शस्त्र नाही. खेळून झालेला एक पत्ता उचलायचा आणि आपल्या डेकच्या, म्हणजे पत्त्यांच्या गठ्ठ्याच्या, तळाशी परत सरकवायचा, एवढंच त्याचं काम. चित्राखाली दोन ओळी होत्या :

गेलं ते बुडालं नाही, पाण्याखाली थांबलं,
वल्हं माझं फिरलं, तसं हाती पुन्हा लागलं.

या दोन ओळींवर तिने अख्खा डेक बांधला होता. खेळ जिंकायच्या वाटा दोन. एक, समोरच्याचा गड पाडायचा; सगळे तेच करत. दुसरी, त्याचे पत्ते संपेपर्यंत तग धरायचा. आपल्या पाळीला ज्याच्या डेकमध्ये उचलायला पत्ताच उरला नाही, तो हरला. तिची वाट दुसरी. भिंती उभारायच्या, आल्यागेल्याला दारातून परत लावायचं, आणि नावाड्याच्या हातून आपले पत्ते तळाशी भरत राहायचे. समोरचा आधी हसायचा, मग चिडायचा, शेवटी रिकाम्या हाताने उठायचा. लोक तिला 'चष्मेवाली' म्हणत. चष्मा तिला नव्हताच. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा घासायची. पण हिच्याशी खेळून उठलं की डोळे दुखतात, असं कुणीतरी म्हणालं आणि नाव चिकटलं ते चिकटलं.

आणि आज, शेवटच्या सामन्यात, हा कोण कुठला माणूस तिचा नावाडी घेऊन बसला होता. गर्दीत कुणीतरी आपलीच शाल पांघरून समोर यावं, तसं तिला झालं.

"हा... तुमच्याकडे कसा?"

"कुणाला नको होता," तो म्हणाला. "म्हणून."

मग तिने आपला नावाडी ठेवला. आता त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कामावरून थेट आला होता, खिशात पेचकस, नखांत ग्रीसची बारीक काळी रेघ. हात मात्र पत्त्यांवर असे अलगद फिरत, जसं निजलेल्या मांजराच्या पाठीवरून. तिने भिंत उभी केली, त्याने तीच भिंत उभी केली. तिने दार लावलं, त्याने दार लावलं. पत्त्याला पत्ता, चालीला चाल. दोन डेक नव्हतेच ते, एका डेकची दोन प्रतिबिंबं होती. आणि प्रतिबिंबाशी झटापट करायची तरी कशी? जो आधी हल्ला करेल, त्याची भिंत उघडी पडेल, हे तिला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं. म्हणून ती थांबली, तो थांबला; पत्ते तेवढे सरकत राहिले.

पहिला डाव तिने घेतला, केसभराच्या अंतराने. दुसरा त्याने घेतला, तेवढ्याच अंतराने.

उरला तिसरा. तो जिंकणाऱ्याला मोठ्या स्पर्धेत जाता येणार होतं, आणि तिला तर जायलाच हवं होतं. कारण ताई. ताई इस्पितळात परिचारिका, कायमची रात्रपाळी. बहिणी-बहिणींची खोली एकच. दिवसा ताईने डोळ्यांवर ओढणी टाकून पडावं आणि कोपऱ्यातून पत्ते पिसल्याचा आवाज यावा, फर्रर्र, फर्रर्र. ताईने वर्षानुवर्षं सोसलं. गेल्या महिन्यात मात्र ती उठून बसली आणि थकलेल्या आवाजात म्हणाली की आता एकतर ते पत्ते, नाहीतर मी. त्यावर हिनेच ताठ्यात सांगून टाकलं होतं : या वेळी निवड झाली नाही, तर त्याच दिवशी पत्ते या खोलीतून जातील. एकही राहणार नाही.

बोलून तर बसली. आता तो शब्द या एका डावावर येऊन थांबला होता.

प्रत्येक डावाआधी एक रीत असते. आपला डेक समोरच्याच्या हाती द्यायचा, त्याचा आपण घ्यायचा, पिसायचा आणि परत करायचा. कुणी कपट केलं नाही याची ती खूण. दोघांच्याही पत्त्यांना निळीच कव्हरं होती. पत्त्यांच्या दुकानात गेले कित्येक दिवस दुसरा रंगच नव्हता. ती त्याचे पत्ते पिसत होती, तो तिचे. आणि हा माणूस गप्प म्हणून बसेना. लिफ्ट बंद पडली की आतला माणूस घाबरतो, तो सांगत होता. आधी मोटर नाही बघायची, आधी दाराला तोंड लावून बोलायला लागायचं. काहीही बोलावं. भाजी काय आणली, विचारावं. अडकलेल्या माणसाला आवाज लागतो.

"मी काही अडकलेली नाहीये," ती म्हणाली.

"तुम्ही नाही." त्याने मान वर केली. "मी."

तिच्या हातातले पत्ते हातातच राहिले. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. काय बोलला हा... इथे, पंचांसमोर, एवढ्या लोकांत? त्यालाही आपण काय बोललो ते नंतर कळलं असावं. तो भलत्याच गंभीरपणे छताच्या पंख्याकडे बघू लागला. दोघांनी घाईघाईने डेक खाली ठेवले, आपापल्या समोर, आणि डाव सुरू झाला.

सुरुवातीपासूनच तिचा हात चालला. नावाडी आला, दुसरा आला, तिसराही वेळेवर आला. तिचे पत्ते तळाशी भरत गेले, त्याचे आटत गेले. थोड्या वेळाने नुसत्या नजरेनेही कळत होतं, त्याचा डेक तिच्याहून बोटभर पातळ. मागे उभे असलेले लोक कुजबुजायला लागले. तो मात्र शांत. मध्येच तिच्याकडे बघे, ओठांत काहीतरी येई, परत जाई.

आता एकच चांगला पत्ता. मग ताईला फोन करायचा, मग... तिने पत्ता उचलला.

नावाडी.

आधी आनंदच झाला. मग ती मनाशी मोजू लागली. एकाच जातीचे चार पत्ते डेकमध्ये चालतात, ही गोष्ट खरी. पण तिच्याकडे नावाडी होते तीन. चौथा दोन वर्षांपूर्वी हरवला होता. ताईने खोली आवरताना पत्त्यांचा एक डबा दुकानातल्या जुन्या पत्त्यांच्या टोपलीत देऊन टाकला, त्यात तो गेला. ती दुसऱ्या दिवशी धावली होती, अख्खी टोपली उपसली होती. मिळाला नाही. त्याच्या जागी तिने एक बेडूक घातला होता, कामाचा ना धामाचा, नुसता भरतीला.

तिने पत्ता डोळ्यांजवळ आणला. नावाड्याला मिशा होत्या.

निळ्या पेनाने काढलेल्या, एक आखूड, एक लांब, टोकाला वळलेली. नऊ वर्षांची असताना तिनेच काढल्या होत्या, नावाडी फार बापुडवाणा दिसतो म्हणून.

हॉल, पंखे, माणसं, सगळं दूर गेलं. आपला हरवलेला पत्ता आपल्या हातात. म्हणजे हा डेक आपला नाही. म्हणजे मघाशी पिसून झाल्यावर दोघांनीही परत द्यायचं विसरून... ती त्याच्या पत्त्यांनी खेळत होती. तो तिच्या पत्त्यांनी. आणि जिंकणार होती ती याच, जास्तीच्या नावाड्याच्या जोरावर.

कुणालाही कळलं नसतं. पत्ता खेळायचा, चार पाळ्या थांबायचं, की संपलं. थांबण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. डोळ्यांसमोर ताई आली, ओढणीखालची. खोलीतलं रिकामं कपाट आलं. तिने नावाड्याकडे पाहिलं. तो वेड्यावाकड्या मिशांतून तिच्याकडे बघत होता.

तिने हात वर केला आणि पंचबाईंना बोलावलं.

पंचबाईंनी दोन्ही डेक उलटे करून पाहिले, दोघांच्या नोंदवलेल्या याद्यांशी ताडले, चष्मा कपाळावर चढवला. एवढ्या वर्षांत असं पाहिलं नाही, म्हणाल्या. मग हळू आवाजात नियम सांगितला : दुसऱ्याच्या डेकने खेळणारा बाद, आणि इथे तर दोघेही. जागा तिसऱ्या आलेल्या अग्निसर्पवाल्याला. तो तिकडे चहा पीत होता. बातमी ऐकून त्याला ठसकाच लागला.

तिचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. त्याच्या हातातले पत्ते आता उघडे पडले होते आणि त्यांत, अगदी कडेला, तिचा बेडूक होता.

"हा कधी आला?"

"पहिल्याच हातात."

ती बघतच राहिली. "म्हणजे तुम्हाला... सुरुवातीपासून माहीत होतं?"

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, चूकच झाली. प्रत्येक पाळीला तोंड उघडत होतो. पण—

"बोललो असतो, तर डाव तिथेच संपला असता. तुम्ही उठून गेला असतात."

तिला राग यायला हवा होता. ती राग शोधत होती, तो सापडेना.

आपापले डेक परत घेऊन दोघं बाहेर आली, पायऱ्यांवर बसली. ऊन कलतं होतं, समोरच्या भिंतीवर सायकलींच्या सावल्या लांब पडल्या होत्या. त्याने कव्हरातून मिशावाला नावाडी काढला आणि सांगू लागला की टोपलीत हा मिळाला तेव्हा तो एकटाच हसत सुटला होता. ज्याने कुणी या मिशा काढल्या, त्या माणसाला एकदा भेटायचं, असं ठरवून त्याने याच पत्त्याभोवती डेक बांधला. दुकानदाराला विचारून विचारून भंडावलं. दुकानदार म्हणे, मी काय मिशांचा हिशोब ठेवतो?

"दोन वर्षं शोधतोय," तो म्हणाला. "कुणी लहान पोरगा असेल असं वाटतं."

"पोरगी," ती म्हणाली. "नऊ वर्षांची होती. डावी मिशी काढताना ताईचा धक्का लागला, म्हणून ती लांब झाली."

तो नुसता पत्त्याकडे पाही, तिच्याकडे पाही, पुन्हा पत्त्याकडे. बंद लिफ्टबाहेर तासन् तास बोलू शकणाऱ्या माणसाचे शब्द असे आटले की तिलाच हसू आलं. मग त्याने पत्ता दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. तुमचा आहे, ठेवा.

तेव्हा तिला सगळं सांगावं लागलं. ताईची झोप, स्वतःचा ताठा, दिलेला शब्द. आजच पत्ते खोलीतून जायचे. एकही राहायचा नाही.

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे... तुम्ही पुन्हा खेळणार नाही?"

आता पुन्हा तीच भिंत, तेच दार, आधी कोण? तिच्या मनात आलं, आज एकदा हात वर केलाच आहे, जग काही बुडालं नाही. आणखी एकदा करून बघू.

तिने पिशवीतून डेक काढून त्याच्या मांडीवर ठेवला. त्याच्या हातातला मिशावाला नावाडी घेतला, वरती ठेवला.

"खोलीतून गेले पाहिजेत, एवढंच ठरलंय," ती म्हणाली. "कुठे जायचे, ते ठरलेलं नाही. तुझ्याकडे कपाट आहे?"

"आहे," तो म्हणाला. आवाज निघाला नाही, ओठच हलले. मग पुन्हा म्हणाला, "आहे. पण मग तुम्हाला... तुला खेळायचं झालं तर?"

"तर यावं लागेल. रोज."

त्याच्या हातून पत्ते निसटता निसटता राहिले. पायरीवरच त्याने आपला डेक तिच्या हाती दिला, तिचा स्वतः पिसायला घेतला. फर्रर्र असा आवाज यायचा तो अडखळत आला. पिसून झालं. रीतीप्रमाणे त्याने तिचा डेक पुढे केला आणि आपल्या डेकसाठी हात पसरला.

"पिसून झालं की परत द्यायचं असतं," तो म्हणाला.

"माहीत आहे. हा दुकानात माझ्या काचांशेजारी राहील," ती म्हणाली, आणि त्याचा डेक तिने ओढणीच्या टोकात घट्ट बांधला.