खिडकी नसलेला आराखडा

"आपला आराखडा चोरीला गेलाय," उलो सरांनी दारातूनच सांगितलं.

हेल्जूच्या हातातली कॉफी कागदांवर सांडली. समुद्रापलीकडे स्वीडनमधल्या सिंक्रोट्रॉन या महाकाय प्रकाशयंत्रावर एकच जागा उरली होती. तिथल्या प्रखर प्रकाशाचा एक झोत घन पदार्थ तपासायला वळवून घ्यायचा, यासाठी तार्तू विद्यापीठातल्या या चौघांच्या गटाने सहा वर्षं झिजवली होती. निवड आज दुपारी बाराला. आणि दुसऱ्या एका गटाने काल गुरुवारीच तोच आराखडा पाठवला होता, जवळजवळ रेघेला रेघ जुळणारा.

"फाइल आर्वोच्या संगणकावर असते. समितीला त्याचंच नाव सांगतो," सर म्हणाले.

"थांबा सर. चोर सोडून संन्याशाला फाशी नको."

सरांनी आणलेली चोरलेली प्रत नीट पाहून हेल्जू आर्वोकडे गेली. पन्नाशीचा आर्वो काळा पाव चावत बसला होता.

"नमुन्याच्या अलीकडे आपण काय बसवलंय रे?"

"स्फटिकाची खिडकी. नमुन्याकडचा वायू मागे प्रकाशाच्या नळीतल्या निर्वातात शिरू नये म्हणून. का गं, चुकलं काही?"

"नाही. खा तू."

मग ती विर्वेकडे गेली. वीस वर्षांपासूनची मैत्रीण. दर शनिवारी दोघी सॉनात, गरम वाफेच्या खोलीत, बसून एकमेकींच्या पाठीवर बर्च झाडाच्या डहाळ्या मारत आणि जगाची उणीदुणी काढत.

"आर्वोच असणार," चोरीचं ऐकून विर्वे म्हणाली. "दिसतो गरीब, पण आहे पक्का."

"चोरलेल्या प्रतीत खिडकी नाहीये."

"मग बरंच की! खिडकी आखूड लहरींचा प्रकाश गिळते. तिच्या जागी वायू ओढून घेणाऱ्या पंपांची रांग लावली की..."

"आपल्या प्रत्येक कागदावर खिडकी आहे, विर्वे. आर्वो अजून तीच धरून बसलाय. ती काढायचं मला गेल्या शनिवारी सॉनात सुचलं. तिथे ना कागद होता, ना पेन्सिल. मी अजून एक रेघही ओढलेली नाही. ऐकलं फक्त तू."

विर्वेने मान खाली घातली. "त्या गटाचे लोक मला प्रमुख करणार होते. इथे मी जन्मभर तुझ्या मागेच राहिले असते."

"मागितलं असतंस तर माझी जागा दिली असती गं तुला! केसाने गळा कापलास."

"कुणाला सांगू नकोस. मी संपेन."

"आणि आर्वो?"

विर्वे टेबलावरचे कागद सारखे करू लागली. हेल्जूला रडू फुटलं, आणि ते तिने लपवलं नाही.

बाराला समिती पडद्यावर आली. चौघं रांगेत बसले होते, विर्वे नेहमीसारखी हेल्जूच्या शेजारी.

"आराखड्यातली खिडकी काढायचा सर्वांत मोठा बदल विर्वे समजावून सांगेल," हेल्जू म्हणाली आणि माइक तिच्यापुढे सरकवला. "आणि तो तिने कुठे ऐकला, तेही."