कालव्याच्या पुलावरचा हिरवा दगड

मोबाइल खिशात टाका आणि जरा सरकून बसा. ताडपत्रीवर नको, भात तुडवलं जातं. हां, तिथे. तुम्हाला राखणीला बसवलंय म्हणे, आणि मला म्हाताऱ्याला उठून तुमची राखण करावी लागतेय. डोळे भाताकडे कमी आणि त्या डबीत जास्त.

हा रस्ता मी दाबलाय, पोरांनो. उभा जन्म पालिकेचा रोलर चालवला. पालिका म्हणायची ती तोंडदेखली. एक बाजार, एक आरोग्य केंद्र, तीन भातगिरण्या आणि बाकी नजर जाईल तिथवर खाचरं. भात वाळवायला पालिकेने सिमेंटचा ओटा बांधला, तर त्याच्यावर उपाध्यक्षांच्या भावाचे ट्रॅक्टर ऐटीत उभे. मग माणसांनी जायचं कुठे? अर्धा रस्ता भाताला, अर्धा गाड्यांना. चाक भातावर चढू नये म्हणून कडेला दगडांची रांग. दिवसभर दंताळ्याने खाली-वर करायचं, संध्याकाळी भरून घरी न्यायचं, नाहीतर तुमच्यासारखं रात्रभर राखत बसायचं. भाताचा दाणा न् दाणा झाडून नेतात लोक. दगड मात्र कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

त्याचीच गोष्ट सांगतो. ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या साडूच्या घरी घडलेली.

साडू माझा कामाला वाघ, पण अंगाशी आलं की हात झटकून मोकळा. गोड खाऊ नको म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं, तर हा गुळाचा खडा गालात धरून सांगणार, मी गोडाकडे बघतसुद्धा नाही. त्याला बरोबर ओळखून होती ती आपली नर्सबाई. तुम्हाला आठवते ना? स्कूटरची सीट फाटलेली, ती तिने सलाइनच्या नळीने बांधलेली. तुमच्यातल्या निम्म्यांना पहिली सुई तिनेच टोचली असेल. कुणाच्या घरी गेली की एकच प्रश्न तीनदा विचारायची. गोळ्या घेतल्या? गोळ्या घेतल्या? खरं सांगा, गोळ्या घेतल्या? तिसऱ्यांदा विचारलं की माणूस खरं बोलतो, असं तिचं म्हणणं. आम्ही हसायचो तिला. पण रात्री-अपरात्री हाक मारली की ती यायची, आणि तिच्यासारखं यायला दुसरं कुणी नव्हतं, हेही तितकंच खरं.

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. साडूने कालव्याच्या पुलाला लागून भात घातलं होतं. त्याचे दगड ओळखू यायचे, कारण घराच्या दाराला लावून उरलेला हिरवा रंग त्याने त्यांना फासला होता. लोक दगडसुद्धा पळवतात, काय करणार! त्या संध्याकाळी एकाएकी भरून आलं. नवरा-बायकोने धावपळ करून भात पोत्यांत कोंबलं, डोक्यावर घेतलं आणि घर गाठलं. दगड गोळा करायचे राहिले.

त्या रात्री नर्सबाई एका बाळंतपणाला निघाली होती. पाऊस, अंधार... पुलावर स्कूटर दगडावर चढली. सकाळी दूधवाल्याला ती कालव्याच्या उतारावर सापडली. पिशवी अजून खांद्यालाच होती. आणि ज्या घरी ती निघाली होती, त्या घरी पाळणा हललाच नाही.

पोलीस आले, त्यांनी दारोदार विचारलं, पुलावर दगड कुणी ठेवले होते. सगळ्यांचं उत्तर एकच, माहीत नाही. साडूचंही तेच. त्याने उजाडायच्या आत जाऊन आपले बाकीचे दगड उचलून आणले होते, आणि जो स्कूटरखाली आला होता तो कालव्यात ढकलून दिला होता. हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नाही.

आता मागच्या वर्षीचं ऐका. नोव्हेंबरचा शेवटचा शुक्रवार. साडूची मुलगी पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. एकुलती एक, नवसाची म्हणा. तारखेला अजून आठवडा होता, पण रात्री साडेअकराला कळा सुरू झाल्या. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या टोकाला गेलेली. नव्या नर्सचा फोन लागेना. साडूचं घर खाचरांच्या मधोमध, पोरीला बांधावरून चालवत न्यायची सोय नाही. तेव्हा त्याने मोटरसायकल काढली. बायकोला, म्हणजे माझ्या मेहुणीला, म्हणाला, पाणी तापत ठेव, हा गेलो आणि हा आलो. आरोग्य केंद्र काय, पाव तासाचा रस्ता. तो घाबरला नव्हता. आजोबा होणार म्हणून उलट खुशीतच होता, असं त्यानेच मला सांगितलं.

आभाळ स्वच्छ होतं. वारा नाही. दोन्हीकडे कापलेली खाचरं. पुलाजवळ आला आणि उजेडात रस्त्यावर काहीतरी दिसलं.

दगडांची रांग. कडेने नाही. आडवी... रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. आणि भात कुठेच नाही.

कुणाचा चावटपणा म्हणून शिव्या देत तो उतरला. पहिला दगड उचलला, तर ओला. गारगार. मोटरसायकलच्या उजेडात हात बघितला. तळव्याला हिरवा रंग.

तेवढ्यात पलीकडे एक दिवा लागला. स्कूटरचा. इंजिनाचा आवाज नव्हता, नुसता दिवा. त्याच्यामागे कुणीतरी उभं. चेहरा दिसेना.

"हा दगड कुणाचा?"

आवाज त्याने ओळखला. कोण नाही ओळखणार? तरी सवयीने तोंडातून आलंच, माहीत नाही, बाई.

दिवा विझला.

रस्ता मोकळा दिसला. साडूने गाडी दामटली. वळण गेलं, वडाचं झाड गेलं, गिरणी गेली. आता केंद्राचा दिवा दिसणार... आणि समोर पूल.

तोच पूल. तीच रांग.

पोरांनो, पुढे बघा. मागे काही नाही.

त्याने घड्याळ बघितलं. साडेबारा. घरी पोर तळमळतेय, आणि हा... हा आहे तिथेच. दिवा पुन्हा लागला. या वेळी जवळ. सलाइनची नळी दिसत होती. बांधलेली.

"हा दगड कुणाचा?"

साडू रडकुंडीला आला. म्हणाला, सगळेच ठेवतात बाई, माझा एकट्याचा कसा असेल, मला जाऊ द्या, माझी पोर अडलीय.

दिवा विझला.

पुन्हा वळण. पुन्हा वड. गिरणी...

पूल.

तिसऱ्यांदा तो गाडीवरून उतरला नाही, पडलाच. हाताने चाचपडत रांगेपर्यंत गेला. आता रांग नव्हती. एकच दगड. दिवा त्याच्या तोंडावर. दिव्याच्या खाली पाय होते की नाही, ते त्याने बघितलं नाही. मीही विचारलं नाही.

"खरं सांगा. हा दगड कुणाचा?"

"माझा," साडू म्हणाला. "माझाच. मीच ठेवला, मीच विसरलो. मीच कालव्यात टाकला."



मग ती म्हणाली, "तेव्हाच उचलायचा होता."

एवढंच. रागाने नाही. गोळ्या घेतल्या का, असं विचारायची ना, त्याच आवाजात.

दिवा गेला. साडूने दगड उचलला, कठड्यापाशी नीट ठेवला आणि गाडीला किक मारली. या वेळी केंद्र आलं. भिंतीवरचं घड्याळ दोन दाखवत होतं. नवी नर्स बिचारी लगेच निघाली, तिचा काही दोष नाही. पुलावरून परत येताना साडूने कठड्याकडे बघितलं. दगड तिथे नव्हता.

घरी पोचले. गाडीचा उजेड दारावर पडला. बंद दार, हिरवं. आणि उंबऱ्याला टेकून, बाहेरच्या बाजूने... तोच.

नव्या नर्सला वाटलं, दार अडवायला ठेवला असेल. ती ओलांडून आत गेली. साडू ओलांडू शकला नाही. बाहेरच बसला.

मुलगी वाचली. बाळ रडलंच नाही. नव्या नर्सने हात धुतले आणि हळूच म्हणाली, तासभर आधी आला असतात तर काहीतरी करता आलं असतं. साडूने ते ऐकलं.

मला सकाळी निरोप आला तसा मी गेलो. साडू अजून पायरीवर होता, तळहात हिरवे. तिथेच त्याने मला हे सगळं सांगितलं, पुन्हा कधी त्यावर बोलला नाही. आत मेहुणी पोरीजवळ बसलेली. डोळे कोरडे. मला बघून म्हणाली, भाऊजी, एक सांगते, कुणाला वेडं वाटेल. बारा-साडेबाराच्या सुमाराला पोर सारखी दाराकडे बोट दाखवत होती. आई, बाई आल्यात, बाहेर उभ्या आहेत. दारात दगड आहे म्हणतायत, तो काढ, त्यांना आत येऊ दे. "मला वाटलं, कळांच्या भरात बरळतेय," मेहुणी म्हणाली. "मी उठलेच नाही, भाऊजी. मी दार उघडून बघितलंच नाही."

मला रडू आवरेना.

साडू आता रस्त्यावर भात घालत नाही. कुणी काही म्हणो, घराच्या छपरावर चढवतो, वाळेल तेवढं वाळेल. तुम्ही मात्र उद्या भात भरलं की हे दगड उचलायचे, सगळे, आणि मग घरी जायचं. मी येऊन बघणार आहे.

तो दगड अजून त्याच्या दाराशी आहे. कालव्यात टाकायची हिंमत त्याला झाली नाही, दुसऱ्या कुणालाही नाही. गेल्या एप्रिलात मी तिकडे गेलो होतो. ऊन असं, की छपरावरचं भात दुपारपर्यंत कडकडीत वाजायला लागलं होतं. अंगणाला भेगा पडलेल्या. मी वाकलो आणि दगडाला हात लावला.

ओला होता.