खणातली निळी पट्टी

“भांडी तू वाजवायचीस, शेपट्या. मी रडते. आणि प्रोफेसर, तू नुसता उभा राहा. तुला बघूनच काकूचं डोकं उठतं,” चिमणीने कामं वाटून दिली.

सुट्टीला आजोबांकडे आलेली ही तीन भावंडं. अकरा वर्षांची चिमणी, तिचा चष्मेवाला चुलतभाऊ प्रोफेसर, आणि जिथे जाल तिथे मागे येणारा धाकटा शेपट्या. त्यांना काकांच्या ग्रंथालयात जायचं होतं. ते होतं खाजगी, घराण्यांची माहिती जपणारं. सभासदाचं बोट धरल्याशिवाय तिथे मुलांना आत घेत नसत, आणि घरात सभासद एकटे काका.

चार वर्षांपूर्वी आजोबांनीच त्यांना सभासद करून दिलं होतं, ताईचा शोध घ्यायला. ताई म्हणजे आजोबांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. आजोबा सहा वर्षांचे असताना तिचं लग्न झालं, मग दोन्ही घरांत भांडण पेटलं, आणि तिच्या सासरचं नावही घरात काढायची बंदी झाली. आता आजोबांनी अंथरूण धरलं होतं. काल चिमणी त्यांना दूध पाजत होती, तेव्हा ते म्हणाले, “ताई कुठे होती, एवढं कळलं की मी मोकळा.”

“बाबा, तिथे काही नाही. मी आपल्या घराण्याचा खण पालथा घातलाय,” काका म्हणाले होते.

“काका खण पालथा घालतात?” प्रोफेसर कुजबुजला. “ते झोपेत कूससुद्धा बदलत नाहीत.”

स्वयंपाकघरात शेपट्याने अशी काही पातेली बडवली की काकू पदर खोचून बाहेर आली. “अहो, या वानरसेनेला घेऊन जा बरोबर, नाहीतर मीच जाऊन बसते तुमच्या ग्रंथालयात!”

ग्रंथालयात पंखा घरघरत होता. भिंतभर लाकडी खण, प्रत्येकाला पितळी कडी. काकांनी खिडकीजवळची खुर्ची गाठली, जाडजूड पुस्तक उघडलं आणि पोटावर ठेवून ते घोरू लागले.

मुलांनी आपल्या घराण्याचा खण ओढला. माणशी एक कार्ड, सगळी एका सळईत ओवलेली. आजोबांचं कार्ड होतं. ताईचं नव्हतं. मग चिमणीने शेजारचा खण उघडून पाहिला, त्याच्या पलीकडचाही.

“प्रोफेसर, सगळ्यांच्या खणात मधे मधे निळ्या पट्ट्या आहेत. आपल्याच खणात एकही कशी नाही?”

त्याने सळईपाशी नाक नेलं. “होती. हा बघ, निळा कपटा अडकलाय. कुणीतरी ओढून काढलीय.”

“ती तर तिकडे आहे,” शेपट्या शांतपणे म्हणाला. त्याचं बोट काकांच्या पोटाकडे होतं. पुस्तकातून निळं टोक डोकावत होतं.

चिमणीने पट्टी अलगद ओढली. काका दचकून उठले. “अरे, माझी खूण! कोरा पुठ्ठा आहे तो. कार्डं चाळताना अडकत होता, म्हणून पहिल्याच दिवशी काढला.”

चिमणीने पट्टी उलटी केली. मागे सुरेख अक्षरात एका खणाचा क्रमांक होता.

आवाज ऐकून ग्रंथपालबाई आल्या. पट्टी पाहून त्या रागावल्या नाहीत, खाली बसल्या. “मुलगी सासरी गेली की तिचं कार्ड सासरच्या खणात जातं, आणि माहेरच्या खणात ही पट्टी राहते. ही तुमच्या घराण्याच्या लेकीने, एका शिक्षिकाबाईंनी स्वतः लिहिली होती.”

“त्या इथे यायच्या?” चिमणीने विचारलं.

“दर शनिवारी. भावाचा पत्ता मागायच्या. जिवंत माणसाचा पत्ता आम्ही कुणालाच देत नाही. म्हणून म्हणाल्या, पट्टी बघून माझ्या माहेरचं कुणीतरी विचारेलच, मी बसते. आडनाव तर शंभर घरांचं एकच असतं. हे त्यांच्याच माहेरचे, हे मला तरी कसं कळावं?” त्यांनी काकांसमोरच्या खुर्चीकडे पाहिलं. “तिथेच बसायच्या. एकदा यांच्या तोंडावर ऊन आलं, तर उठून पडदा ओढला त्यांनी.”

“आता कुठे आहेत?” काकांचा आवाज ओळखू येईना.

“मागच्या थंडीत गेल्या.”

शेपट्याने चिमणीचा हात धरला. बाईंनी सासरच्या खणातून एक फोटो आणून तिच्या ओंजळीत ठेवला. “हा माहेरच्या माणसांसाठीच ठेवून गेल्या होत्या. मुलांनो, इतकी वर्षं मी इथे आहे, पण खण असा बघणारं कुणी आलं नाही.”

शाबासकी मिळाली, पण तिघंही मान खाली घालूनच घरी आली.

आजोबांनी फोटो जवळ घेतला, मग लांब धरला. “ही आजी कोण?”

“तुमची ताई,” चिमणी म्हणाली, आणि ऐकलं तसं सगळं सांगितलं. पडद्याचंही.

बराच वेळ आजोबा फोटोवरून अंगठा फिरवत राहिले. “म्हातारी झाली की ही. मी आपला दोन वेण्यांच्या मुलीला शोधत होतो.”

काका दारातच उभे होते. “बाबा, मी साधं विचारलं असतं तर...”

“ये, बस इथे. तिने तुझ्यावर ऊन येऊ दिलं नाही, मी काय बोलू तुला?” मग आजोबांनी तिन्ही मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला. “जे आम्हा मोठ्यांना जमलं नाही, ते तुम्ही केलंत. आता मला जरा उठवून बसवा.”

“डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय ना?” चिमणी म्हणाली.

“हो गं. पण थोरली बहीण घरी आलीय. पडून कसा राहू?”