दीड तासाचं अंतर

"हरिता, दोरा ताणून धर. सैल दोरा खोटं बोलतो," भुवना म्हणाली. तिरुवैयारूत भाताच्या गिरणीला लागून असलेल्या ओसरीवर ती चार मुलांना भूगोल शिकवत होती. नकाशावर दोऱ्याचं एक टोक तिरुचीच्या विमानतळावर होतं. दुसरं...

"कोल्हापूरला ठेवा," पायरीवरून आवाज आला. "माझं गाव आहे."

गिरणीत नवी यंत्रं बसवायला आलेला प्रद्युम्न मराठी ऐकून थबकला होता. त्याच्या केसांत गिरणीतला भाताचा कोंडा होता.

"तुम्ही इथं मराठी बोलता?"

"साडेतीनशे वर्षं, मराठी राजांबरोबर आलो तेव्हापासून. हसता कशाला?"

"गोड वाटलं... पणजोबांच्या पत्रासारखं."

"मग थोरांपुढं उभे आहात. चपला काढून या."

त्यानं खरंच काढल्या.

दोरा आठ सेंटिमीटर भरला. म्हणजे आठशे किलोमीटर. "सरळ विमान असतं तर दीड तास," भुवनानं मुलांना सांगितलं.

"पण सरळ नाही," तो तिच्याकडं बघत म्हणाला. "बंगळूरला बदलावं लागतं. दिवस जातो."

पुढं दोन महिने तो रोज पाच वाजता काही ना काही मोजून घ्यायला येई. भुवना खडू शोधत राही — खडू हातातच असे. मुलं तोंड दाबून हसत.

काम संपलं. शुक्रवारी साडेदहा नुकतेच वाजून गेले होते, तेव्हा तिरुचीच्या विमानतळावरून त्याचा फोन आला.

"भुवना, घरी माझ्यासाठी मुलगी ठरवताहेत. बंगळूरला उतरलो की बाबांना उत्तर द्यायचंय. तू हो म्हण... मी त्यांना नकार कळवतो."

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण नजर भिंतीवरच्या पंचांगाकडं गेली. शुक्रवारचा राहुकाळ, साडेदहा ते बारा. त्या दीड तासात त्यांच्या घरी कुणी नवी साडीसुद्धा नेसत नसे. मग जन्माचा शब्द कसा द्यायचा? आणि हे त्याला सांगितलं तर तो हसेल...

"बारा वाजता सांगते."

"आत्ता नाही?"

"दीड तासच तर आहे."

मागं विमानाची घोषणा झाली तसा तो "बरं," म्हणाला.

बारा वाजून एक मिनिटानं तिनं फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला — व्यस्त. मग त्याचाच आला.

"उतरल्या उतरल्या बाबांना हो म्हटलं, भुवना. मुलीकडचे पाहुणे घरी त्यांच्यासमोरच बसले होते, बाबांनी लगेच शब्द देऊन टाकला. तुला नकोय, पण तोंडावर नाही म्हणवत नाही... असं वाटलं मला."

"राहुकाळ होता," ती म्हणाली.



"एवढंच सांगायचं होतंस गं. मी थांबलो असतो."

संध्याकाळी हरितानं पुन्हा दोरा ताणला. "टीचर, कोल्हापूर जवळच आहे की."

"होतं," भुवना म्हणाली. पायरीकडं न बघता तिनं मुलीच्या बोटांतून दोरा सोडवला. "हरिता, कुणी काही विचारलं आणि उत्तर येत असलं, तर लगेच सांगायचं."

"चुकलं तर?"

"चुकलं तरी."